घर बांधतानाच नेटचा पाइप टाका

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या घर-बांधकामाच्या पुरवणीत मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग, टाइल्स, रंग या सगळ्यावर भरभरून येतं आणि मी ते वाचतो, कारण आमचं कामच ते, सांगली-मिरज भागात मी बरीच वर्षं घरांचं वायरिंग करतोय. पण एका विषयावर कधी ओळसुद्धा येत नाही आणि त्यापायी लोकांचा दर महिन्याला पैसा जातोय म्हणून आज लिहायला बसलो. विषय म्हणजे घरात वायफायची रेंज न मिळणं. एखाद्या घरी फॅनचा रेग्युलेटर बदलायला गेलो तरी निघताना मालक विचारतातच, अहो जरा ते राउटरचं पण बघा की, आतल्या खोलीत काही चालतच नाही. बहुतेकांनी तोवर एक उपाय करून झालेला असतो, प्लॅन वाढवलेला असतो. शंभर एमबीपीएसचा दोनशे, दोनशेचा तीनशे. आणि आतल्या बेडरूममध्ये व्हिडिओ अडकायचा तो अडकतोच.

प्लॅनमधला स्पीड हा रस्त्यावरच्या पोलपासून तुमच्या घरातल्या डब्यापर्यंतचा, म्हणजे राउटरपर्यंतचा असतो हो. डब्यापासून पुढं मोबाइलपर्यंत काय पोचतं ते तुमच्या भिंती, तुमचा स्लॅब आणि राउटर ठेवलाय कुठं यावर ठरतं. एका व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस पुरतात, फोर-के पिक्चर बघायला पंचवीसच्या आसपास, म्हणजे चार माणसांच्या घराला शंभरचा प्लॅन भरपूर झाला. खात्री करायची असेल तर लॅपटॉप लॅन वायरनं (राउटरच्या मागच्या भोकात जाणारी नेटची वायर) थेट राउटरला जोडा आणि स्पीड टेस्ट घ्या, तिथं पूर्ण स्पीड आला तर कंपनीकडून येतंय ते बरोबर येतंय, अडचण घराच्या आत आहे आणि ती कस्टमर केअरला फोन करून सुटणार नाही.

आता आत काय होतं ते सांगतो. वायफाय मुख्यतः दोन पट्ट्यांवर चालतं, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ, तुमच्या राउटरची दोन नावं दिसतात ना, एकाच्या शेवटी ५जी लिहिलेलं असतं (त्याचा मोबाइलच्या फाइव्ह-जीशी काही संबंध नाही, पुष्कळ जण तिथं फसतात), ती हीच. २.४ ची लहर साधारण साडेबारा सेंटीमीटर लांबीची, ५ ची सहाच्या आत. लांब लहर भिंतीतून बऱ्यापैकी पार जाते. आखूड लहरीच्या पट्ट्यात जागा जास्त म्हणून डेटा जास्त जातो, पण ती भिंतीत लवकर दम सोडते. नऊ इंची विटेची एक भिंत चालून जाते, दोन आल्या की ५ वाल्याचं अवघड होतं, आणि आरसीसीचा स्लॅब मध्ये आला तर विचारू नका, आत सळ्या आणि वर जाडजूड काँक्रीट. कोकणात जांभ्याच्या भिंती, जुन्या वाड्यांत दोन-दोन फुटी दगडमातीच्या, तिथं तर दाराच्या चौकटीतून जेवढा सिग्नल वळून जाईल तेवढाच.

एक गोष्ट आमच्या धंद्यातली, जी घरमालकाला कधी दिसत नाही. झिरी मारून (भिंतीत खाच पाडून) पाइप टाकला की वरच्या प्लास्टरला तडा जाऊ नये म्हणून चिकन मेश मारतात, विटेचं काम आणि कॉलम जिथं भेटतात तिथं तर हमखास मारतात. त्या जाळीची भोकं अर्धा-पाऊण इंचाची असतात, त्यातून एवढी मोठी लहर धड जातच नाही. म्हणजे राउटर अशा सांध्याला चिकटवून बसवला तर त्या बाजूची रेंज सुरुवातीलाच मेली. तसंच लोखंडी कपाट, फ्रिज, ड्रेसिंग टेबलचा मोठा आरसा (काचेमागं धातूचा थर असतो), माळ्यावरची पाण्याची टाकी, फिश टँक, आणि सगळ्यात जास्त वेळा टीव्ही. टीव्हीच्या मागं राउटर लपवून ठेवायची फॅशन आहे, दिसायला छान दिसतं पण मागं सगळा पत्राच असतो त्याच्या.

मग राउटर असा वेड्यावाकड्या जागी बसतो कसा? कनेक्शन द्यायला जी पोरं येतात त्यांना दिवसभरात बरीच घरं उरकायची असतात, ज्या खिडकीतून फायबर आत आली तिथंच भोक मारून डबा लावतात आणि जातात. पोरांना मी दोष देणार नाही, घरात आत वायर न्यायला पाइपच नसेल तर ते तरी काय करणार, केसिंग-पट्टी (भिंतीवरून वायर झाकून न्यायची प्लास्टिकची पट्टी) मारायची म्हटलं की मालकच नको म्हणतात, भिंत खराब दिसेल म्हणून.

सांगलीतल्या विश्रामबागेतलं एक दुमजली घर सांगतो, कारण त्यात सगळंच आलं. खाली पोर्चच्या बाजूला बूट ठेवायच्या पत्र्याच्या कपाटात डबा, आणि मालकांची मुलगी पुण्याच्या आयटी कंपनीचं काम वरच्या मागच्या खोलीतून करणार. ती जिन्यात खुर्ची टाकून मीटिंग घ्यायची, खोलीत बसलं की आवाज तुटायचा. मी मोबाइलवर वायफाय अॅनालायझर उघडून तिच्या टेबलावर मोजलं तर मायनस ७९ दाखवत होतं. हा आकडा डीबीएममध्ये असतो, शून्याच्या जेवढा जवळ तेवढा चांगला, मायनस ५० म्हणजे एकदम मस्त, मायनस ६५-६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, ८० च्या घरात गेला की नुसत्या काड्या दिसतात, काम होत नाही. आणि यात दर १० ला ताकद दहा पट कमी होते, म्हणजे ६० वरून ८० ला गेला तर शंभरावा हिस्सा उरला. फ्री अॅप आहेत, अँड्रॉइडवर कुणीही टाकून घरभर फिरून मोजू शकतो, प्लॅन वाढवायच्या आधी एवढं तरी करा.

त्या घरात नशीबानं जुन्या लँडलाइनचा पाइप होता, पोर्चपासून जिन्याच्या वरच्या वळणापर्यंत भिंतीतून गेलेला. फोन कधीच बंद झालेला, दोन तारांची वायर आत तशीच पडून. तिच्या टोकाला लॅन वायर टेपनं घट्ट बांधली, एका माणसानं खालून सारायची, दुसऱ्यानं वरून ओढायची, जुनी बाहेर आली तशी नवी आत गेली. मालकांकडं एक जुना राउटर धूळ खात पडला होता तोच जिन्याच्या वळणावर सात फुटांवर बसवला. त्यात फक्त सेटिंगचं काम असतं ते नीट करावं लागतं: जुन्या राउटरचं डीएचसीपी बंद करायचं (नाहीतर दोन राउटर पत्ते वाटायला लागतात आणि घोळ होतो), त्याचा आयपी (नेटवर्कमधला पत्ता) मेन राउटरपेक्षा वेगळा द्यायचा पण त्याच मालिकेतला, म्हणजे मेन १९२.१६८.१.१ असेल तर याला शेवटी २, वायर त्याच्या वॅन भोकात (बाहेरून नेट यायचं) नाही तर लॅन भोकात घालायची, आणि नाव-पासवर्ड खालच्यासारखंच ठेवायचं म्हणजे मोबाइलला वेगळं काही करावं लागत नाही. चॅनल (पट्ट्याचा जो भाग राउटर वापरतो तो) मात्र दोघांचे वेगळे. नंतर त्याच टेबलावर मोजलं, मायनस ६१. अठरा डीबीचा फरक, म्हणजे ताकद साठ पटीहून जास्त, आणि प्लॅन तोच जुना शंभरचा. नवीन लागलं काय तर लॅन वायर, दोन जॅक आणि एक प्लग पॉइंट, तो मी इन्व्हर्टरच्या लाइनवरून दिला. खालचा डबा पण इन्व्हर्टरवर घेतला, लाइट गेली की फायबर चालू राहते पण डबा बंद पडतो हे लोकांच्या लक्षात येत नाही.

लॅन वायरबद्दल थोडं, कारण यात फसवणूक फार आहे. बाजारात स्वस्त मिळते ती बहुतेक वेळा अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असते, जॅक दाबताना तार तुटते, वर्षा-दोन वर्षांत सांधा काळा पडतो. प्युअर कॉपरची कॅट-६ घ्या, नाहीतर कॅट-५ई सुद्धा घरापुरती पुरेशी आहे, शंभर मीटरपर्यंत एक हजार एमबीपीएस नेते ती. आत आठ तारा, चार जोड्या पिळलेल्या. जॅकची खिटी खाली आणि तारा घालायचं भोक आपल्याकडं धरून डावीकडून क्रम: केशरी-पांढरी, केशरी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडायचा नाही. बरेच जण घाईत केशरी आणि हिरव्या जोडीच्या चारच तारा दाबतात, नेट चालू होतं, मालक खूश, पण अशा वायरवर शंभर एमबीपीएसच्या वर स्पीड जातच नाही, तुम्ही तीनशेचे पैसे भरा नाहीतर पाचशेचे. राउटरच्या भोकाचं पण तेच, स्वस्तातल्या पुष्कळ राउटरला शंभराचंच भोक असतं, खोक्यावर मात्र हजार-बाराशे लिहिलेलं असतं, तो वायरलेसचा बेरीज केलेला आकडा असतो. आणि कृपा करून लॅन वायर लाइटच्या पाइपमधून ओढू नका, कुणी वायरमन करतो म्हणाला तरी नको म्हणा. ते धोक्याचं आहे आणि सिग्नलला पण वाईट. वेगळा पाइप, लाइटच्या पाइपपासून सहा-आठ इंच लांब, आडवा ओलांडायचाच झाला तर काटकोनात.

रिपीटर, म्हणजे तो प्लगमध्ये खोचायचा डबा, याच्या जाहिराती बघून लोक घेतात आणि मग मला बोलावतात. तो वाईट नाही पण त्याची मर्यादा समजून घ्या. साधा रिपीटर ज्या रेडिओवर ऐकतो त्याच रेडिओवर पुढं बोलतो, त्यामुळं स्पीड जवळपास अर्धा होतो. शिवाय लोक तो लावतात कुठं, जिथं रेंज नाही त्या खोलीत! त्याला स्वतःलाच तिथं काही ऐकू येत नाही तर तो पुढं काय देणार. लावायचाच तर राउटर आणि ती खोली यांच्या मधे, जिथं अजून रेंज बरी आहे तिथं. मेश नावाचे सेट मिळतात ते यापेक्षा खूप चांगले, फिरता फिरता मोबाइल एका डब्यावरून दुसऱ्यावर नीट जातो, पण त्यांना सुद्धा एकमेकांत वायर दिली तरच खरा उपयोग, स्लॅबच्या वर एक आणि खाली एक नुसतं हवेवर ठेवलं तर महागडा रिपीटरच तो.

सहा अँटेनावाला राउटर घेऊ का, हा पण नेहमीचा प्रश्न. बोलणं दोन्ही बाजूंनी लागतं. राउटर कितीही जोरात बोलला तरी मोबाइलला उत्तर द्यायचं असतं आणि मोबाइलचा आवाज बारीकच राहणार, बॅटरीवर चालतो बिचारा. म्हणून ताकदीपेक्षा जागा महत्त्वाची. अँटेनाचं एक लक्षात ठेवा, उभ्या काडीतून सिग्नल मेदूवड्याच्या आकारात पसरतो, काडी वड्याच्या भोकात उभी आहे असं समजा, चारी बाजूंना जातो, टोकाच्या वर आणि खाली कमी. एका मजल्याचं घर असेल तर सगळ्या काड्या उभ्या. वरच्या मजल्यावर पाठवायचं असेल तर एखादी आडवी करा. आणि राउटर जमिनीवर ठेवू नका, डोक्याच्या वर, उघड्यावर.

फ्लॅटमधे अजून वेगळं दुखणं. तिथं शेजाऱ्यांचे पंधरा-वीस वायफाय एकमेकांवर ओरडत असतात. २.४ मध्ये एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, त्यातला ज्यावर गर्दी कमी तो अॅनालायझरमध्ये बघून निवडा आणि चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा, ४० केली की तुमचंही बिघडतं आणि शेजाऱ्याचंही. मायक्रोवेव्ह पण २.४५ गिगाहर्ट्झलाच चालतो, त्याच्या दारातून जे थोडं निसटतं तेवढ्यानं शेजारच्या राउटरचं २.४ अडखळतं, म्हणून किचनच्या भिंतीला राउटर नको. फ्लॅटवाल्यांनी जमेल तेवढं ५ गिगाहर्ट्झ वापरावं, २०१८ साली आपल्या सरकारनं त्या पट्ट्यात ६०५ मेगाहर्ट्झ जागा विनापरवाना मोकळी केली, तिथं गर्दी कमी आहे, आणि ते भिंतीत अडतं हा फ्लॅटमधे फायदाच, शेजाऱ्याचं तुमच्या घरात येत नाही. फक्त मग आपल्याच घरात दोन भिंतींपलीकडं दुसरा डबा लागतो, म्हणजे परत वायर आली.

मळ्यात राहणाऱ्यांसाठी दोन ओळी. घर आणि शेड लांब असेल तर समोरासमोरच्या दोन डिश-टाइप अँटेना बसवतात, चांगलं चालतं, पण ऊस दहा-बारा फूट झाला की पानातलं पाणी सिग्नल खातं, फेब्रुवारीत बसवलेलं गणपतीला बंद पडलं म्हणून फोन येतात ते यामुळं. अँटेना उसाच्या वर पाहिजे. आणि दोन इमारतींमधे उघड्यावरून तांब्याची लॅन वायर नेऊ नका, वळवाच्या पावसात विजेचा झटका त्या वायरवरून आत येतो आणि दोन्हीकडचे डबे जातात. फायबर न्या, काचेतून वीज वाहत नाही.

आता मुख्य मागणी. नव्या घरात आणि नव्या अपार्टमेंटमधे आजसुद्धा टीव्हीचा पॉइंट असतो, कुठं कुठं तर टेलिफोनचा पण टाकतात, पण नेटचा नसतो. बिल्डरनी आणि बंगला बांधणाऱ्यांनी एवढंच करावं: डक्टमधून (इमारतीत पाइप-वायरी वर न्यायची मोकळी जागा) किंवा फायबर जिथून येणार तिथून एक २५ एमएमचा पाइप हॉलच्या मध्यापर्यंत, तिथून प्रत्येक बेडरूमला एकेक, वरच्या मजल्याला एक. वळणाला एल्बो (काटकोनी जोड) वापरू नका, लांब बेंड वापरा, एल्बोत वायर अडकते. आत ओढायला तार नाहीतर नायलॉनची दोरी सोडून ठेवा. जिथं डबा बसणार तिथं सात फुटांवर एक प्लग पॉइंट इन्व्हर्टरच्या लाइनवर. वायर आज नाही घातली तरी चालेल, पाइप पाहिजे, कारण वायर पुढं दहा वेळा बदलता येते, फायबर पण नेता येईल त्यातून, पण स्लॅब भरल्यावर पाइप टाकता येत नाही. प्लास्टरच्या आधी हे काम एका-दोन दिवसात होतं आणि खर्च घराच्या एकूण खर्चात दिसणारसुद्धा नाही. नंतर तेच करायला झिऱ्या, प्लास्टर, रंग, आणि घरात आठवडाभर धूळ.

सरकारी पातळीवर काहीच नाही असंही नाही. ट्रायनं (दूरसंचार नियामक प्राधिकरणानं) २५ ऑक्टोबर २०२४ ला इमारतींना डिजिटल कनेक्टिव्हिटीचं रेटिंग द्यायची नियमावली काढलीय, आत फायबर आहे का, मोबाइलची रेंज कशी आहे, असं बघून रेटिंग द्यायचं असं त्यात आहे. पण त्यात सक्ती नाही, बिल्डरनं किंवा मालकानं स्वतःहून अर्ज करायचा. त्यामुळं फ्लॅट बघायला जाणाऱ्यांनीच विचारायला सुरुवात केली पाहिजे. पार्किंग किती, पाणी किती वेळ, लिफ्टला जनरेटर आहे का हे आपण विचारतोच, त्यात बेडरूमपर्यंत नेटचा पाइप आहे का हे पण विचारा. सॅम्पल फ्लॅटमधे मोबाइल काढून कॉल लागतो का बघा, बऱ्याच नव्या टॉवरमधे आत मोबाइलची रेंज पण नसते, तिथं वायफाय कॉलिंगवर भागवावं लागतं, आणि ते परत घरातल्या वायफायवरच अवलंबून.

तुमच्या पेपरला एकच विनंती. दर आठवड्याला पुरवणीत तुम्ही एका घराचा प्लॅन छापता, त्यात दारं-खिडक्या, बेड, सोफा, कधी कधी एसीचा पॉइंटसुद्धा दाखवलेला असतो. त्या नकाशात नेटचे पॉइंट आणि राउटरची जागा पण दाखवायला लावा त्या आर्किटेक्टना. लोक तो प्लॅन कापून ठेवतात आणि आम्हाला आणून दाखवतात की आम्हाला असं पाहिजे, हे मी स्वतः बघितलंय. ती खूण त्यात असली तर ते झिरी मारायच्या आधीच मागतील.

आपला,
एक वायरमन वाचक, सांगली